लसणाला नावं ठेवताना

आमच्या पाटबंधारे कॉलनीत लसूण तुच्छतेवर पोसतो. पाणी लागतं, शेणखत लागतं, दिवाळीनंतरची थंडीही लागते. पण वाफ्याशेजारी उभं राहून रोज संध्याकाळी कुणीतरी कुणाला तरी मनापासून तुच्छ लेखलं नाही, तर जमिनीखाली गड्डा धरत नाही. बाहेरगावचे लोक हे ऐकून हसतात. त्यांनी बाजारातला लसूण खावा, आमचं काही म्हणणं नाही.

कौतुक केलं तर लसूण सडतो. नुसता राग केला तर पात गुडघ्याएवढी होते आणि खाली काही नसतं. पहिल्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी हंगामभर वाफ्यासमोर आरडाओरडा केला आणि शेवटी कॉलनीतल्या प्रत्येक घरी भरितात घालायला पात वाटत फिरले. तुच्छता ही वेगळी गोष्ट आहे. तिला आवाज लागत नाही. समोरच्या माणसाकडे नीट बघितलं आणि त्याच्यात बघण्यासारखं काही नाही हे शांतपणे कळलं, की ती येते. ती लसणाबद्दलच असली पाहिजे असंही नाही. लसणाला तुच्छ लेखणं दोन-चार दिवस जमतं, मग त्या बिचाऱ्याचा काय दोष असं वाटायला लागतं. म्हणून जाणत्या बायका वाफ्याशी उभ्या राहून जावेबद्दल बोलतात. लसणाला ते चालतं. माल अस्सल असल्याशी कारण.

आता अस्सलपणाच्या बाबतीत आमच्या कॉलनीत सगळा आनंदच आहे. एका निवृत्त मास्तरांनी शुद्ध भाषेत निंदेचे उतारे लिहून पाठ केले आणि रोज खणखणीत आवाजात म्हटले. लसणाला त्यातला एक शब्द पटला नाही. दुसरे एक आहेत, त्यांनी साडूबद्दलचं स्वतःचं बोलणं मोबाइलमध्ये भरलं, मोबाइल वाफ्यात खोचला आणि फिरायला निघून गेले. त्यांचा लसूण उगवला, पण उलटा. मुळं वर आली आणि पात खाली गेली. त्यावरही ते खूश होते, कारण असा लसूण दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

मी प्रमिला खैरनार. माझा गड्डा कॉलनीत मोठा असतो. यात माझं कर्तृत्व काही नाही, कॉलनीचं आहे. मी खात्यात आवक-जावक टेबलावर नोकरी केली, साहेब लोक जवळून बघितले, त्यामुळे जुना साठाही पुष्कळ आहे. संध्याकाळी मी फाटकाशी खुर्ची टाकून बसते, येणारे-जाणारे बघते आणि मग उठून वाफ्याकडे जाते. तेवढ्यात होतं.

आमच्याकडे परसबाग मंडळ आहे आणि देवकुळे साहेब त्याचे अध्यक्ष आहेत. हे खात्यात कार्यकारी अभियंता होते. यांनी बांधलेल्या एका पाटाला आजतागायत पाणी आलेलं नाही, पण त्याच्या उद्घाटनाचा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आहे. होळी झाली की मंडळ घरोघर जाऊन लसणाची काढणी तपासतं. ज्याचा लसूण धरला नाही, त्याचा वाफा तीन वर्षं बंद ठेवायचा आणि असेल तो लसूण उपटून कॉलनीबाहेर टाकायचा, असा नियम आहे. कारण असं की, वाफ्यात माया शिरली असली तर ती मातीतून सरकत जाऊन शेजारच्या वाफ्याला लागते. नियम चुकीचा नाही, हे मला मान्य करावं लागतं. माझं म्हणणं फक्त देवकुळ्यांबद्दल आहे.

माझ्या शेजारच्या घरात बोरसेभाऊ राहतात. कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. या माणसात तुच्छता औषधालाही नव्हती. भाजीवाल्याने सडका टोमॅटो घातला तर म्हणायचे, त्याला तरी आतून कसं दिसणार? बसच्या कंडक्टरला, जेवलात का, असं विचारायचे. आल्यागेल्याला चहा. पेपरवाल्याला चहा, मीटर बघायला आलेल्याला चहा, आणि चहा तरी काय, गवती चहा आणि आलं घालून उकळलेला, फर्मास. मला तो आवडायचा. मला फारशा गोष्टी आवडत नाहीत, तरी आवडायचा.

त्यांच्याकडचा लसूण द्वारकाबाईंनी सांभाळला होता. त्यांची बायको. द्वारकाबाई बोलायच्या नाहीत. पदर खोचून वाफ्याशी उभ्या राहायच्या आणि नुसत्या कॉलनीकडे बघायच्या. बहुतेक वेळा माझ्या घराकडे तोंड असायचं. मला त्याचा कधी राग आला नाही. चांगलं काम चांगल्या कामवाल्याला ओळखू येतं. त्यांचा लसूण लग्नात माहेरून आलेला, साक्रीकडचा, लालसर सालीचा, पाकळी बारीक आणि अशी झणझणीत की चटणी वाटताना शेजारच्या घरात ठसका लागावा. तसलं बियाणं मी दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही. त्यांच्या माहेरीही आता ते राहिलेलं नव्हतं, तिकडे सगळे सोयाबीन करतात.

श्रावणात द्वारकाबाई गेल्या. मागे स्वयंपाकघरातल्या खुंटीला लसणाची एक वेणी उरली. लसणाचं बियाणं वर्षापलीकडे टिकत नाही. त्या कार्तिकात ते लावलं नसतं तर पाकळ्या वाळून गेल्या असत्या आणि द्वारकाबाईंचा लसूण जगातून संपला असता. बोरसेभाऊंनी तो लावला. आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

"प्रमिलाताई, लावणी झाली. टोकं वर ठेवूनच लावलाय. पण पुढचं मला काही जमत नाही."

"काय जमत नाही?"

"ते बोलणं. काल उभा राहिलो होतो. म्हटलं, कुणाला तरी कमी लेखू या. कुणी सुचेचना."

"देवकुळे सुचले नाहीत?"

"त्यांच्या पाठीला फार त्रास आहे हो."

"तुमचा भाऊ? बांध सरकवला ना त्याने तुमच्या शेतात?"

"सरकवला. पण त्याची पोरं मोठी होत होती, ताई."

मी त्यांना पंधरा मिनिटं शिकवलं. समोरून जाणारी माणसं एकेक करून दाखवली, कुणात काय नाही ते सांगितलं. प्रत्येक माणसाबद्दल त्यांच्याकडे काहीतरी चांगलं निघालं. उलटा लसूण पिकवणाऱ्याबद्दलसुद्धा म्हणाले, त्याने निदान प्रयत्न तरी केला. शेवटी मी म्हटलं, "राहू द्या. मीच येत जाईन."

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी माझा वाफा उरकून त्यांच्याकडे जायला लागले. मंडळाची हरकत नव्हती, तुच्छता कुणाची असावी याबद्दल नियमात काही म्हटलेलं नाही. बोरसेभाऊ खुर्ची आणून ठेवायचे, चहा आणायचे आणि दूर पायरीवर जाऊन बसायचे. मी कामाला लागायचे. त्या हंगामात माझा हात चांगला चालला होता. मंडळाच्या वार्षिक सभेतली भाषणं ताजी होती, देवकुळ्यांनी सफारी शिवला होता, विषयाला तोटा नव्हता. उठताना मी मातीत बोट घालून बघायचे. गड्डा बोराएवढा टणक लागायचा.

दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा मऊ.

असं महिनाभर चाललं. मला आधी स्वतःबद्दलच शंका आली. वय झालं, तुच्छता पातळ झाली की काय, असं वाटलं. घरी येऊन माझा वाफा चाचपला, तर तिथे ठणठणीत. मग एके दिवशी सकाळी दुधाला निघाले होते तेव्हा कुंपणावरून दिसलं. बोरसेभाऊ वाफ्यात उकिडवे बसले होते आणि लसणाशी बोलत होते. लसणाला ते अहो-जाहो करायचे.

"मनावर घेऊ नका," ते म्हणत होते. "त्या बोलतात तशा नाहीत. काल जरा जास्तच झालं, मलाही वाटलं. पण मनाने चांगल्या आहेत."

मी पिशवी घेऊन तशीच आत गेले.

"भाऊ, मी संध्याकाळी करते ते तुम्ही सकाळी पुसताय."

ते उठून उभे राहिले. गुडघ्याला माती लागली होती. "मला वाटलं, एवढ्याने काय होणार आहे?"

"महिना झाला. काही धरलेलं नाही."

"तिचा लसूण आहे हो, ताई. रोज एवढं ऐकून घेतो. मला बघवत नाही."

"तुम्हाला तो पुढच्या वर्षी हवाय की नको?"

"हवाय."

"मग गप्प बसायचं. आणि मनाने चांगल्या वगैरे तर अजिबात म्हणायचं नाही."

त्यांनी कबूल केलं. मनापासून कबूल केलं, ते सगळंच मनापासून करतात. पण त्यानंतर ते बोलायचे नाहीत एवढंच, सकाळी वाफ्याशी जाऊन नुसते उभे राहायचे, आणि त्यांचा चेहरा बघितला तर दगडाला पाझर फुटावा, लसणाची काय कथा? मी त्यांना वाफ्याकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं. त्यांनी तसंही केलं. पाठीमागूनसुद्धा माया जातच होती. अशी माणसं घडवताना देव कुठे बघत असतो कोण जाणे.

फाल्गुनात पाणी तोडलं. पात पिवळी पडली, माना खाली पडल्या. होळीनंतरच्या रविवारी मंडळ बोरसेभाऊंच्या परसात आलं. पुढे देवकुळे, सफारीत, हातात नवं कोरं खुरपं. मागे सभासद. मी माझ्या बाजूच्या कुंपणाशी, वाफ्याच्या शेवटच्या ओळीजवळ उभी राहिले.

"बोरसे," देवकुळे म्हणाले, "हंगामात वाफ्याशेजारी तुच्छता कुणी केली?"

"प्रमिलाताईंनी. रोज यायच्या."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी चहा करायचो."

"चहाचा इथे संबंध काय?"

"संबंध नाही, साहेब. पण त्या बोलून बोलून दमायच्या."

सभासदांनी एकमेकांकडे बघितलं. देवकुळ्यांनी वाकायचा प्रयत्न केला, पाठीला हात लावला आणि खुरपं दुसऱ्याकडे दिलं. पहिली ओळ उपटली. वरून गड्डे दिसत होते, लालसर, आकाराला बरे. देवकुळ्यांनी एक उचलून चिमटीत दाबला. साल आत गेली. आत काही नव्हतं. दुसरा दाबला, तिसरा दाबला. सगळी ओळ फोलपट.

"नापास," देवकुळे म्हणाले. "वाफा तीन वर्षं बंद. उरलेल्या ओळी उपटून घ्या, वेशीबाहेर टाकून द्या. हातमोजे घाला रे, माया आहे."

"साहेब," बोरसेभाऊ म्हणाले, "उरलेल्या ओळी राहू द्या. आजचा दिवस राहू द्या. मी शिकतो. ताई शिकवतील."

"तुमच्या वयात शिकून येत नसते ती."

"मग एकच ओळ राहू द्या. दोन रोपं. हे बियाणं दुसरीकडे कुठे नाही."

"बियाण्याला काय तोटा? बाजारात मिळतो की लसूण. पांढराशुभ्र, मोठ्या पाकळीचा, सोलायलाही सोपा."

"हा तिच्या माहेरचा आहे, साहेब."

देवकुळ्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हा हात मी खात्यात पुष्कळ वेळा बघितला आहे. तो ठेवला की समजायचं, आता समजूत काढताहेत.

"हे बघा बोरसे, वहिनी गेल्या, आम्हा सगळ्यांनाच दुःख आहे. पण आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तुम्ही दर वर्षी वेणी द्यायचात ना, ती आम्ही कामवालीला देऊन टाकायचो. आमच्याकडे एवढा उग्र चालत नाही. काही चव अशी नव्हतीच त्याला."

बोरसेभाऊंनी वर बघितलं.

मी आयुष्यात तुच्छता पुष्कळ बघितली आणि पुष्कळ केली, पण ती एखाद्या माणसात पहिल्यांदा येताना कधी बघितली नव्हती. आधी त्यांनी देवकुळ्यांच्या तोंडाकडे नेहमीसारखंच बघितलं. कुणाच्याही तोंडाकडे बघताना ते त्यात काहीतरी बरं शोधायचे आणि त्यांना ते सापडायचं. इथेही त्यांनी शोधलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश शोधलं. बराच वेळ गेला. सभासद चुळबुळायला लागले. आणि मग त्यांचं शोधणं थांबलं.

"साहेब, तुम्ही दर वर्षी स्वतः पिशवी घेऊन यायचात," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "ती म्हणायची, या माणसाला देऊ नका. मी म्हणायचो, असू दे गं, साहेबांना आवडतो." त्यांनी खांद्यावरचा हात उचलून खाली सोडला. "तिचं बरोबर होतं. तुमच्यात काही नाहीच आहे."

दुसऱ्या ओळीत मातीला भेग पडली.

खालून गड्डे वर ढकलले गेले आणि पातीच्या वाळक्या माना हलल्या. खुरपंवाल्याने एक उपटला. मूठभर, लालसर, पाकळ्या इतक्या दाटून बसलेल्या की साल तडकली होती. वास तर असा आला की दोघा सभासदांनी नाकाला रुमाल लावले. देवकुळ्यांनी गड्डा हातात घेतला, दाबला, पुन्हा दाबला. त्यांना राग आला असेल असं कुणाला वाटेल, पण तेवढंही त्या माणसाकडून होत नाही.

"धरलाय," ते म्हणाले. "तुच्छता उशिरा झाली, पण झाली. समाधानकारक आहे. वाफा चालू ठेवायला मंडळाची हरकत नाही."

मी टाळ्या वाजवणार होते. बियाणं वाचलं होतं. एवढी एक ओळ पुढच्या लावणीला पुष्कळ होती, आणि मला वाटलं, आता बोरसेभाऊ डोळे पुसतील आणि सगळ्यांना चहा घ्या म्हणतील. पण ते थांबले नाहीत. ते सभासदांकडे वळले. एकेकाच्या तोंडाकडे त्यांनी तसंच बघितलं, आता शोधायला वेळही लागत नव्हता. मास्तरांकडे बघितलं, तिसरी ओळ तडकली. मोबाइलवाल्याकडे बघितलं, चौथी तडकली. हंगामभर जे पोचट राहिलं होतं ते पाच मिनिटांत भरत गेलं.

मग फक्त माझ्या कुंपणालगतची ओळ राहिली. बोरसेभाऊ माझ्याकडे वळले.

मला वाटलं, मी वेगळी आहे. महिनोन्‌महिने मी त्यांच्यासाठी माझी संध्याकाळ खर्ची घातली होती. त्यांचा चहा मी नावं न ठेवता प्यायले होते, आणि हे मी कुणासाठी करत नाही. मी त्यांच्याकडे बघून थोडी हसलेसुद्धा. त्यांनी माझ्याकडे कपाळापासून हनुवटीपर्यंत बघितलं.

मी खाली बघितलं. माझ्या पायाशी माती फुटली होती. त्या दिवशी निघालेला मोठ्यात मोठा गड्डा त्या ओळीतला होता. देवकुळ्यांनी तो सगळ्यांना दाखवला.

तेव्हापासून बोरसेभाऊंचा लसूण कॉलनीत पहिला आहे. मंडळाने त्यांना सल्लागार नेमलं. संध्याकाळी ते वाफ्याशी हात मागे बांधून उभे राहतात आणि बोलत नाहीत, द्वारकाबाई उभ्या राहायच्या तसे. भाजीवाला त्यांच्या दारात थांबत नाही. मीटर बघायला येणारा फाटकाबाहेरूनच बघून घेतो. चहाचं पातेलं त्यांनी उलटं करून माठावर झाकण म्हणून ठेवलंय, ते माझ्या खिडकीतून दिसतं. मला त्याचं फार वाईट वाटलं. वाफ्याशेजारी वाईट वाटून घेणं बरं नव्हे, म्हणून घरात जाऊन, दार लावून वाटून घेतलं.

दिवाळी झाली तसे ते एकदा माझ्या फाटकाशी आले. आत या म्हटलं, आले नाहीत. मी म्हटलं, चहा टाकते. त्यांनी माझ्या स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं आणि नको म्हणाले. ओंजळीत द्वारकाबाईंच्या लसणाच्या पाकळ्या होत्या, टपोऱ्या, लालसर.

"बियाणं एकाच घरी नसावं म्हणून आणलंय," ते म्हणाले. "एरवी तुमच्याकडे काय धरणार आहे म्हणा."

मी पाकळ्या पदरात घेतल्या. टोकं वर ठेवून, नेहमीच्या वाफ्यापासून दूर, मोरीच्या बाजूला एक लहानसा वाफा करून लावल्या. थंडीभर पाणी दिलं, फाल्गुनात तोडलं. होळीनंतर खुरप्याने एक गड्डा उकरला, तर दोन्ही हातांत मावेना. त्या वाफ्याशी मी हंगामभर एक शब्द बोलले नव्हते. बोरसेभाऊंचं तेवढं एक वाक्य त्याला पुरलं होतं.